शब्दांचीं कुळें : ‘नाइस’

इंग्रजींतील ‘नाइस’ हें विशेषण आतां आपल्या घराघरांत रुळलें आहे. साडी नाइस, आमटी नाइस, पाहुणेही नाइस! परंतु ह्या गोंडस शब्दाचें कूळ पाहूं गेल्यास सुज्ञ वाचकांस मौज वाटेल.

त्याचें मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’ ह्या शब्दांत आहे. त्यांतील ‘ने’ हा आपल्या संस्कृत ‘न’चाच भाऊबंद, आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणें. अर्थात् जो जाणत नाहीं तो, आपल्याकडील ‘अज्ञ’. जुन्या फ्रेंच भाषेंतून इ. स. १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजींत आला, तो ‘मूर्ख’ ह्या अर्थानें. मूर्खाचा पुढें चोखंदळ झाला, चोखंदळाचा काटेकोर, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो ‘छान’ म्हणून मिरवूं लागला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ ह्या कादंबरींत जेन ऑस्टिनबाईंचा नायक, नायिका हा शब्द सरसकट वापरते म्हणून तिची थट्टा करतो. तेव्हां ही खोड आजची नव्हे!

ह्याच्या उलट ‘सिली’चें दैव. तो मूळचा ‘धन्य, सुखी’, आज ‘खुळा’. आपल्याकडे ‘देवानांप्रिय’ ह्या शब्दाची हीच गत झाली. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत सम्राट् अशोकानें तो बिरुद म्हणून शिलालेखांत कोरविला. पुढें वैयाकरणांनीं त्याचा ‘मूर्ख’ हा अर्थ नोंदविला. धर्मशास्त्रांतील ‘साहस’ हा बळजोरीचा अपराध. मराठींत मात्र तें कौतुकास पात्र ठरलें.

मूळ अर्थ तोच खरा, असें कित्येक वडीलधारे मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं. जांवयास कोणी नाइस म्हटलें, तर त्याच्या अज्ञानाचा उद्धार झाला असें कोण समजेल? माणसाप्रमाणें शब्दाचीही पारख कुळावरून नव्हे, वर्तनावरून करावी.

पण वर्तनाची जबाबदारी बोलणाराची. दोन तास चुलीपुढें राबलेल्या सुनेस ‘नाइस’ एवढेंच ऐकविणें म्हणजे तिचे श्रम न पाहतांच पोंच देणें होय. चिंचगूळ बेताचा पडला आहे, फोडणी खमंग बसली आहे, असें कांहीं मुलांस बोलावयास शिकवावें. जो न चाखतां, न पाहतां सर्वांसच नाइस म्हणतो, त्याच्यापाशीं त्या शब्दाचा सातशें वर्षांपूर्वींचा अर्थ आपण होऊन परत येतो.