हौसेची शिकार आणि गळ्यातली माळ



रोहा तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाचा काला झाला, पंगती उठल्या आणि एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. गळ्यात तुळशीची माळ. मोबाइलवर कप्प्या लावलेले नव्या धर्तीचे धनुष्य दाखवून म्हणाला, "बुवा, मला तीरकमठ्याने शिकार शिकायची आहे. सुरुवात कशी करावी? मी खाणार नाही, माळ आहे. नुसती हौस."

मी हसण्यावारी नेणार होतो, पण शेजारच्या दोघा-तिघांनी त्याचीच बाजू घेतली. "रामरायाच्या हाती धनुष्य नाही का? धर्मव्याध खाटीकच ना? आणि कातकरी मारतात, मग आपण मारले तर काय बिघडले?" तेव्हा गडबडीत उत्तर राहून गेले. ते येथे देतो.

पहिली गोष्ट कायद्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या जनावराची शिकार बंद आहे. पाठलाग करणे, हाकारणे, फासा लावणे, मारण्याचा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच धरले आहे. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा चुकत नाही. रानडुकराने भात तुडवले तर वनखात्याकडे अर्ज करण्याची वाट आहे, भरपाईची तरतूद आहे. आपल्या शेजारचे फणसाडचे रान एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. 1986 साली ते अभयारण्य झाले. नबाबाची हौस संपली, तेथे शेकरू सुखाने नांदू लागले. ती हौस आता आपण का उकरून काढावी?

दुसरी गोष्ट बाणाची. बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते, बाण रक्त सांडून मारतो. मुरलेल्या तिरंदाजाचा बाण वर्मी लागला तरी जनावर काही अंतर धावते आणि मग पडते. नवशिक्याचा बाण मांडीत लागतो, पोटात लागतो. ते जनावर बाण घेऊन झाडीत शिरते आणि दिवसच्या दिवस कुढत मरते. ब्रिटनमध्ये बंदुकीने शिकार चालते, तरी धनुष्याने जनावर मारायला कायद्याने बंदी आहे. "सुरुवात कशी करावी" या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे, बाबा: ही सुरुवात दुसऱ्याच्या वेदनेवर होते. तुझा हात बसेपर्यंत किती जीव अर्धमेले व्हायचे?

आता रामरायाचे. रामायणातल्या दोन शिकारी आठवा. दशरथाने शरयूकाठी अंधारात घडा बुडाल्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावणबाळ पडला. दशरथ नवशिका नव्हता, शब्दवेधी होता. कसब होते म्हणूनच तो न पाहता बाण सोडून बसला. दुसरी शिकार सोन्याच्या हरणाची. त्या एका पाठलागापायी सीतामाई हरवली. ज्यांना रामाचे धनुष्य दाखवायचे आहे त्यांनी ही दोन पानेही उघडावीत. आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर उभे करणाऱ्या पुंडलिकाचे आपण वारस, आणि आईबापांना कावडीत घेऊन निघालेल्या श्रावणाचा घात शिकारीच्या हौसेने झाला. हे वारकऱ्याने कसे विसरावे?

धर्मव्याधाचा दाखला तर उलटाच पडतो. महाभारतात तो स्वतः सांगतो की मी जीव मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकतो आणि स्वतः खात नाही. तो वाडवडिलांचा धंदा पोटासाठी करी, हौसेसाठी नव्हे. त्याची थोरवी सुरीत नव्हती, म्हाताऱ्या आईबापांच्या सेवेत होती.

राहिला कातकरी. येथे मात्र मला माझेच कान धरायचे आहेत. पुष्कळ वर्षांपूर्वी पेण तालुक्यात आमच्या सप्ताहात एक कातकरी बाप-लेक पंगतीला आले. बापाच्या खांद्याला कमठा होता. "शिकारी माणूस आहे, विटाळ होईल," असे म्हणून मी त्यांना मांडवाबाहेर पत्रावळ दिली. पोराने माझ्याकडे पाहिले. ती नजर अजून जात नाही. खैरापासून कात काढून जगणारी ही जमात. रान हातचे गेले, जमीन नव्हतीच. दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर आणि पावसाळ्याच्या तोंडी परत. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानावरचे पुष्कळ हक्क दिले, पण शिकारीचा हक्क मुद्दाम वगळला. म्हणजे भुकेपोटी ससा मारणारा कायद्याने गुन्हेगार, आणि त्याच्या नावाचा आडोसा घेऊन तुला हौस भागवायची आहे! त्याची भूक तू घेणार आहेस का? भट्टीवरच्या उन्हात एक दिवस उभा राहशील? त्याच्या घरी चूल पेटावी म्हणून झटलास तर एक ससा जास्त वाचेल. नुसत्या तिरस्काराने एकही वाचत नाही. दारिद्र्यातली हिंसा आणि हौसेतली हिंसा एका तराजूत घालणारा माणूस मापात पाप करतो.

धनुष्याचीच ओढ असेल तर ती वाईट नाही. 2023 साली बर्लिनला जागतिक स्पर्धेत साताऱ्याकडची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे सोन्याचे मानकरी झाले, ते याच कप्प्यांच्या धनुष्यावर. दोघेही साताऱ्यात शिकले. चांगला गुरू शोध, कागदाच्या लक्ष्यावर हजार बाण सोड, श्वास आवरायला शीक. उपनिषदांनीही प्रणवाला धनुष्य आणि आत्म्याला बाण म्हटलेच आहे. तो नेम साधला तर कोणाचेही रक्त सांडत नाही.

आणि पुढच्या वारीत पंढरीला उभा राहशील तेव्हा नीट बघ. आपल्या देवाने दोन्ही हात कमरेवर ठेवले आहेत. धनुष्य ओढायला दोन हात लागतात. विठोबाचा एकही मोकळा नाही.

यंदाच्या सप्ताहाला ये. वाडीवरच्या कातकरी बंधूंना आम्ही बोलावणार आहोत. मांडवाच्या आत. वाढायला मी उभा राहणार आहे, माझ्या शेजारी तू उभा राहा.