जिराफाच्या मनातले कसे कळावे?

मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलेल्या आईबापांना हा अनुभव असेल. वाघापुढे मुले दबकतात, माकडांपुढे खिदळतात आणि जिराफापुढे मात्र मान वर करून गप्प उभी राहतात. जिराफही गप्पच असतो. गाय हंबरते, कुत्रे केकाटते, हत्ती चीत्कारतो. जिराफाचा आवाज क्वचितच कोणी ऐकलेला असतो. अशा वेळी एखादे मूल विचारते, ‘बाबा, त्याला इथं आवडतं का हो?’ बाबांपाशी उत्तर नसते. फार वर्षे ते शास्त्रज्ञांपाशीही नव्हते.

हा प्रश्न आज केवळ बालसुलभ राहिलेला नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2016 मध्ये सांगितले की, तीस वर्षांत जिराफांची संख्या जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. याच संघटनेने ऑगस्ट 2025 मध्ये जिराफाची एक नव्हे, चार जाती मानल्या. त्यांपैकी उत्तरेकडील जिराफ साऱ्या आफ्रिकेत सुमारे सात हजारच उरले आहेत. म्हणजे यापुढे जिराफ पकडणे, ट्रकमधून हलवणे, कुंपणात वाढवणे हे प्रकार वाढणार. युगांडात 2016 साली काही जिराफ नाईल नदीच्या पैलतीरी नेण्यात आले. अशा प्रत्येक निर्णयामागे तोच प्रश्न उभा असतो: त्या जिवाला हे सोसते आहे का?

माणूस वा जनावर ताणाखाली आले की मेंदूकडून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संकटाशी झुंजायला किंवा पळायला त्यामुळे बळ मिळते. तेव्हा रक्त काढून कॉर्टिसॉल मोजले की झाले, असे कोणालाही वाटेल. पण जनावराला पकडताच काही मिनिटांत ते वाढू लागते. बँकेतली सारी हयात मी तपासणीचे अहवाल पाहण्यात घालवली. तपासनीस दारात दिसला की शाखेची तऱ्हाच बदलते, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी दिसते ते रोजचे काम नसतेच. रक्ताच्या तपासणीतही आपण मोजतो ती आपणच दिलेली भीती.

शिवाय जिराफाला पकडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. त्याचा रक्तदाब माणसाच्या सुमारे दुप्पट. भूल दिलेला जिराफ पाच मीटर उंचीवरून कोसळला तर मान पिरगळू शकते. पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून रानात त्याला औषधाने खाली आणल्यावर लगेच उतारा देतात आणि डोळे बांधून दोरांनी, माणसांच्या बळावर, जागेपणीच धरून ठेवतात.

यावर उपाय सापडला तो त्याच्या लेंड्यांत. जिराफ एवढा मोठा, पण त्याच्या लेंड्या शेळीच्या लेंड्यांची आठवण करून देणाऱ्या. रक्तातल्या कॉर्टिसॉलचे यकृतात विघटन होते आणि त्याचे अवशेष पित्तावाटे आतड्यात उतरतात. लेंडीत ते काही तासांनी, रवंथ करणाऱ्या प्राण्यांत साधारण दिवसाने पोचतात. त्यामुळे क्षणभराच्या दचकण्याऐवजी बऱ्याच तासांचा गोळाबेरीज हिशेब मिळतो. जिराफाला हातही लावायचा नाही. तो पुढे गेला की ताज्या लेंड्या उचलायच्या आणि जंतूंनी अवशेष बदलण्याआधी गोठवायच्या. प्रयोगशाळेत त्या मद्यार्कात घोळवून अर्क काढतात आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने अवशेषांचे प्रमाण मोजतात.

अर्थात एका प्राण्याला लागू पडणारी चाचणी दुसऱ्याला पडेलच असे नाही. जिराफासाठी कोणती चाचणी विश्वासार्ह, याचा शोध घेणारा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे या कामाला भक्कम पाया लाभला.

तरी आकडा हाती आला म्हणजे सत्य गवसले, असे मानण्याची घाई नको. गर्भारपण, वणवण, चाऱ्याची टंचाई यांनीही कॉर्टिसॉल वाढते. उलट दीर्घकाळ पिचलेल्या जिवात कधी ते वाढेनासेही होते. म्हणून प्रत्येक जिराफाचा आकडा त्याच्याच पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावा लागतो आणि सोबत वागणूकही बघावी लागते. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या 2001 च्या पाहणीत जिराफ आणि त्याचा भाऊबंद ओकापी यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के प्राण्यांत भिंती-कुंपणे चाटत राहण्यासारखी निरर्थक, पुन्हापुन्हा केली जाणारी वर्तने आढळली. टांझानियातील अभ्यासात 2021 साली दिसले की, अधिक सोबतिणींत वावरणाऱ्या माद्या अधिक जगतात. गप्प दिसणाऱ्या या प्राण्याला संगत लागते, एवढे तरी त्यावरून उमगते.

हे सारे दूरदेशीचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण हैदराबादच्या पेशीय आणि आण्विक जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी हीच पद्धत वापरून कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली. पर्यटनाच्या हंगामात त्यांच्यातील ताण वाढलेला असतो आणि त्याचा गाड्यांच्या संख्येशी संबंध आहे, असे 2019 मध्ये त्यांनी दाखवून दिले. तरीही 31 डिसेंबर 2024 रोजी आपल्याच उमरेड-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत तुमच्याआमच्यासारखीच, मुलाबाळांसह सुटीला निघालेली कुटुंबे होती.

माहिती होती, तिच्याप्रमाणे वागणे मात्र झाले नाही. म्हणून मला वाटते, प्राणी आणताना वा हलवताना त्याच्या ताणाची आधी आणि नंतर तपासणी व्हावी, आणि तिचा निष्कर्ष फायलीत न ठेवता पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहावा. ‘उंची पाच मीटर, आहार झाडपाला’ एवढे आपण लिहितोच. त्याखाली आणखी एक ओळ. मग मुलाने विचारले की बाबांना निदान ती वाचून दाखवता येईल. आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढे काय करायचे हेही ठरवावे लागेल.