प्रेमाचा पुरावा मागणारा कायदा

पती-पत्नींनी आपसांतील मालमत्तेविषयी लेखी करार करावा, ही कल्पना आपल्याकडे अद्याप अशुभ मानली जाते. विवाह हा संस्कार आहे, व्यवहार नव्हे, असे त्यावर सांगण्यात येते. परंतु संसार सुरू झाला की व्यवहारही सुरू होतो. शिक्षिका असलेल्या पत्नीच्या पगारातून किराणा व मुलांची फी, आणि कारकून असलेल्या पतीच्या पगारातून घरकर्जाचा हप्ता, अशी विभागणी अनेक घरांत असते. वीस वर्षांनंतर पतीच्या नावावर घर उरते. पत्नीने खर्चलेल्या पैशाचा मात्र मागमूसही उरत नाही. अशा जोडप्याने विवाहानंतर हिश्शांविषयी करार केला, तर कायदा त्याला मान देतो काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ धनिकांचा नाही.

याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. १८७२ च्या करार कायद्यात विवाहोत्तर कराराची स्वतंत्र तरतूद नाही. मोबदल्यावाचून दिलेले वचन कलम २५ अन्वये निरर्थक ठरते. ते लेखी व नोंदणीकृत असेल, आणि निकटच्या नातलगांनी नैसर्गिक प्रेमापोटी केलेले असेल, तर त्याला अपवाद आहे. या अपवादाचे काय होते, हे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या १९०० मधील राजलक्ष्मी देवी खटल्यात दिसले. पतीने पत्नीला स्वतंत्र निवास व निर्वाहखर्च देण्याचे नोंदणीकृत लेखाने मान्य केले होते. त्या लेखातच उभयतांतील कलहांचा उल्लेख होता. जेथे कलह आहे तेथे प्रेम कोठले, असे म्हणून न्यायालयाने करार अमान्य केला. प्रेम असते तेव्हा कागदाची गरज भासत नाही, आणि कागदाची गरज भासते तेव्हा कायदा प्रेमाचा पुरावा मागतो!

तथापि कायद्याचा हा संशय सर्वस्वी अनाठायी आहे, असेही म्हणता येणार नाही. करारासाठी दोन्ही बाजू तुल्यबल असाव्या लागतात. माहेरचा आधार सुटलेली, स्वतःचे उत्पन्न नसलेली स्त्री पुढे आलेल्या कागदावर सही करील, ती कोणत्या मर्जीने? पोटगीचा हक्क सोडून देणारे करार न्यायालये सहसा मानीत नाहीत, ते याच कारणास्तव. तेव्हा ‘करारस्वातंत्र्य द्या’ एवढीच मागणी केल्यास त्याचा लाभ मुख्यतः बलवानालाच होईल.

शेजारच्या गोव्यात वेगळा मार्ग आहे. तेथे लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता उभयतांची सामाईक होते, आणि विवाहानंतर ही व्यवस्था आपसांतील कराराने बदलता येत नाही. मालमत्तेच्या व्यवस्थापनात पतीला झुकते माप देणारी ही संहिता निर्दोष आहे, असे नव्हे. परंतु तिने पत्नीचा अर्धा वाटा पतीच्या औदार्यावर सोडलेला नाही. उर्वरित देशात बहुतेक ठिकाणी करारही दुबळा आणि असा वाटाही नाही, अशी दुहेरी कोंडी आहे.

महाराष्ट्राने आणखी एक वाट पाहिली आहे. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्यास सांगितले. या मोहिमेतले मर्म कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. भविष्यातील दानाचे वचन मोडता येते. परंतु पूर्ण झालेल्या दानाला कलम २५ ची बाधा पोचत नाही, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटले आहे. स्थावर मालमत्तेसाठी अर्थात नोंदणीकृत बक्षीसपत्र हवे. ‘पुढे देईन’ या करारापेक्षा ‘आज दिले’ हा दस्त अधिक भक्कम, हा त्याचा अर्थ होय. घर घेतानाच दोघांची नावे खरेदीखतात घालणे, हे त्याहूनही सोपे.

मात्र वैयक्तिक शहाणपण हा कायद्याचा पर्याय होऊ शकत नाही. विवाहकाळात कष्टाने मिळविलेल्या मालमत्तेत, ते कष्ट कचेरीतले असोत वा स्वयंपाकघरातले, दोघांचाही वाटा प्रथम कायद्याने मानला पाहिजे. त्यानंतर त्यात फेरफार करणाऱ्या करारांना मुभा द्यावी. पण दोघांनीही मालमत्ता पूर्णपणे उघड केली असेल, दोघांनाही स्वतंत्र कायदेशीर सल्ला मिळाला असेल आणि निर्वाहाच्या हक्काला धक्का लागत नसेल, तरच. हा क्रम उलटला, तर करार हे दुर्बलाच्या संरक्षणाचे साधन न होता त्याला निःशस्त्र करण्याचे साधन होईल. संसारात कागद आल्याने प्रेम आटते, असे मानणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की घराच्या खरेदीखतावर एकट्याचे नाव असते, तेव्हाही संसारात कागद आलेलाच असतो.