‘पडणारच आहे’ म्हणून?

लहान मुलाची दाढ ठणकू लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘दुधाचाच दात तो, पडणारच आहे.’ मग लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा आणि वेळ मारून न्यायची. मुलांच्या दातांचा खरा घात हे वाक्य करतं.

दुधाचे 20 दात काही एकदम पडत नाहीत. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीच्या किडक्या दाढेला अजून कितीतरी वर्षं घास चावायचे आहेत, शिवाय खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखायची आहे. ती दाढ अकाली काढली की शेजारचे दात सरकतात, पक्क्या दाताची वाट अडते आणि पुढे तारा लावायची पाळी येते.

दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. त्यात रुग्ण भेदरलेला. म्हणूनच बालदंततज्ज्ञ हवा. बीडीएसनंतरची तीन वर्षं तो दातांबरोबर मूलही शिकतो : आधी सांगायचं, मग उपकरण बोटावर फिरवून दाखवायचं, मगच तोंडात घालायचं. दुधाच्या दाढेची नस साफ करून तिला स्टीलची टोपी बसवणं, दाढ गेलीच तर जागा राखणारी तार लावणं, हे त्याचं रोजचं काम. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे पक्की दाढ निमूट उगवते. पालक तिलाही दुधाचीच समजतात. तो मात्र तिच्या खाचा वेळीच बुजवतो.

2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातांची कीडही आहे. पण कीड सापडल्यावर गावातल्या मुलाने जायचं कुठे? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतविभाग आहेत. तिथले तज्ज्ञ ठरल्या वारी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बसले पाहिजेत, ही माझी मागणी आहे.

आणि पालकांना विनंती : पहिल्या वाढदिवसाच्या आत बाळाला एकदा दंतवैद्याकडे न्या, काही दुखत नसताना. दवाखान्याची पहिली ओळख वेदनेतून झाली नाही, तर ते मूल पुढे आपणहून तोंड उघडेल.