दोन सर, एकच गुडघा

सकाळी शाळेत खो-खोचा सराव, संध्याकाळी क्लबचा. त्यासाठी दौलताबादहून थेट गारखेड्याच्या क्रीडा संकुलापर्यंत बस. दहावीत मी हेच केलं. तुमच्यापैकीही अनेकांनी केलं असेल.

शाळेचा सराव तालुका स्पर्धा तोंडावर आली की एकदम सुरू होतो, क्लबचा वर्षभर चालतो. शाळा सोडवत नाही, कारण दहावीला क्रीडा गुण मिळू शकतात. क्लब सोडवत नाही, कारण खेळ तिथेच सुधारतो. गुडघा दुखायला लागला तेव्हा एक सर म्हणाले, 'आमच्याकडे तर दीडच तास.' दुसरे म्हणाले, 'आमच्याकडे दोनच.' दोघांचंही खरं होतं. बेरीज मात्र कुणीच केली नव्हती: रोज साडेतीन तास, सहा दिवसांचे २१. माझं वय तेव्हा १५.

क्रीडावैद्यक तज्ज्ञांचा साधा हिशेब आहे: जितकं वय, त्याहून जास्त तास आठवड्याला सराव नको. शिवाय एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी.

म्हणून घरातल्या धाकट्या खेळाडूला एक वही द्या. दोन्हीकडचे तास त्यात लिहायचे आणि दोन्ही सरांना दाखवायचे. नाहीतर तोही माझ्यासारखा मैदानाबाहेर बसेल आणि मॅच खेळण्याऐवजी लेख लिहील.