देवघरातली घाई

मैत्रिणींनो, लिंबाच्या गोड लोणच्याची कृती पुढच्या अंकात नक्की देईन. आज एका पत्राला उत्तर द्यायचं आहे. पत्र एकीचं असलं तरी वाचताना मला ओळखीच्या निदान दहाजणी डोळ्यांसमोर आल्या.

या भगिनी एका तालुक्याच्या गावी राहतात. यजमानांची नोकरी सुटली त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून त्यांनी आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शुक्रवारची वैभवलक्ष्मी. पहाटे साडेतीनला उठून पोथी, संध्याकाळी जप, दर पौर्णिमेला सत्यनारायण. आता नवनाथ भक्तिसाराचं नऊ दिवसांचं पारायण करायचं आहे, चाळीसच्या चाळीस अध्याय, आणि अडचण नेमकी त्याच दिवसांत येणार. त्या विचारतात, "गोळ्या किती दिवस आधी सुरू कराव्यात? आणि ताई, एवढं सगळं करूनही देव पावत नाही, तर माझं करायचं काय राहिलं आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. अडचण पुढे ढकलायच्या त्या गोळ्या शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नका. त्यांत संप्रेरक असतं. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली आहे, यकृताचा आजार आहे, त्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. अर्धशिशी असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. आमच्याकडे नवरात्राच्या आधी दुकानदाराकडे हलक्या आवाजात गोळ्या मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीनेही डॉक्टरीणबाईंना विचारलेलं नव्हतं. पारायण पंधरा दिवसांनी केलं तर नवनाथ रागावतील, असं मला तरी वाटत नाही.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि खरा आहे.

आपल्या बायकांना हाताने काही करण्याची इतकी सवय असते की देवापुढेसुद्धा आपण स्वयंपाकघरातल्यासारख्याच उभ्या राहतो. हे झालं, ते झालं, अजून काय राहिलं? वाती वळून झाल्या, फुलं निवडून झाली, नैवेद्य दाखवला, पाट उचलला, की आपण ओट्याशी हजर. 2023 साली अधिक श्रावण आला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान पडतं, ती तूट भरून काढायला साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, तोच हा धोंड्याचा महिना. तो खरं तर सगळी लग्नकार्यं बाजूला ठेवून जरा निवांत होण्याचा महिना. पण आमच्या गल्लीत 33 अनारसे, जावयाचं वाण, दीपदान, पुरणाचे धोंडे या सगळ्यात बायका इतक्या दमल्या की निज श्रावण लागला तेव्हा एकीने मला विचारलं, "बाई, हा श्रावण नाही धरला तर चालेल का हो?"

आता आमच्या गडाची गोष्ट सांगते. देवळ्याच्या बायकांना वणीची सप्तशृंगी म्हणजे माहेर. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा असते, खानदेशातून माणसं पायी येतात, आमच्या रस्त्यांवरून पुढे कळवण, नांदुरीकडे जातात. त्यांना पाणी द्यायचं, सावलीत बसवायचं, हे आमचं वर्षाचं ठरलेलं काम. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी साथीमुळे यात्रा भरली नाही. रस्ता ओस पडला होता. घरातली जुनी माणसं ओट्यावर बसून नुसती गडाच्या दिशेला बघत.

मग 2022 साली वेगळंच घडलं. जुलैपासून देवीचं मंदिर दर्शनाला बंद राहिलं, मूर्तीच्या जतनाचं काम होतं म्हणून. गडावर प्रतिकृतीचं दर्शन ठेवलेलं होतं. सुमारे आठ फुटांची, अठरा हातांची ती मूर्ती आपण सगळ्यांनी शेंदरातच पाहिलेली. वर्षानुवर्षं लेपावर लेप चढत गेले होते, ते काढले तेव्हा हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला. 26 सप्टेंबरला, घटस्थापनेला, मंदिर उघडलं आणि लोकांना मूळ रूप दिसलं.

आमच्या शेजारच्या आजी दर्शन घेऊन आल्या त्या गप्पच होत्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "माझी आई वेगळीच दिसती गं. ओळख लागायला वेळ लागला." त्यांना वाईट वाटलं होतं का बरं वाटलं होतं, ते त्यांनाही सांगता येईना. मला मात्र तो शेंदूर डोळ्यांपुढून जात नाही. प्रत्येक लेप कुणीतरी भक्तीनेच लावलेला, त्यात खोट काढायला जागा नाही. तरी चेहरा झाकला गेलाच ना! आणि तो दिसायला दार बंद ठेवून सगळ्यांना थांबावं लागलं.

पत्र लिहिणाऱ्या बाई, तुमची नऊ व्रतं मला त्या लेपांसारखी वाटली. रागावू नका.

थांबणं म्हणजे आळस, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण संत बहिणाबाईंची हकिगत वाचा (जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या सतराव्या शतकातल्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला ज्यांची समाधी आहे त्या). त्यांनी आपली कथा स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा. कोल्हापुरात राहत असताना जयरामस्वामींची कीर्तनं ऐकून त्यांना तुकोबांचा ध्यास लागला. पण ब्राह्मणाच्या बायकोने तुकोबांना गुरू मानायचं, हे नवऱ्याला कसं खपावं? कीर्तनाला जाण्यावरून त्याने त्यांना बांधून मारलं. (मार खाण्यात पुण्य आहे असं कुणी या कथेवरून सांगू लागलं तर तिथून उठून जावं.) लळा लागलेलं वासरूही गेलं. त्या पोरवयाच्या बाईला ना व्रत करता येत होतं, ना यात्रा, ना दर्शन. करण्यासारखं काहीच हातात नव्हतं. मनात तेवढं एक धरून ती राहिली, आणि तुकोबांचा अनुग्रह तिला स्वप्नात झाला. देहूला जाणं नंतर घडलं.

त्याच शतकात तिकडे इंग्लंडात क्वेकर नावाचा पंथ निघाला. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनेत पुरोहित नाही, आरती-घंटा नाही. सगळे एकत्र गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. आपल्याकडे अशा बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी प्रसादाचं विचारेल, पण ते राहू दे.

आणि आपला पंढरीचा विठोबा? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला तेव्हा त्याने वीट पुढे केली. ही कथा आपण नेहमी पुंडलिकाच्या सेवेची म्हणून सांगतो. पण तिच्यात ताटकळतोय कोण, ते पाहा. देवाला थांबण्याचं काही वावडं नसावं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, घरचं सगळं करते, त्यामुळे "रोज तासभर ध्यान करा" असला सल्ला मी देणार नाही. तुम्हाला एवढंच सुचवते. नऊंपैकी मनाला सर्वांत जवळचं असेल ते एक व्रत ठेवा. बाकीच्यांची उद्यापनं टप्प्याटप्प्याने करून टाका, त्यात भीती बाळगू नका. पहाटे साडेतीन सोडा, साडेपाचला उठा. सव्वा वर्ष झोप मोडलेल्या माणसाला रडूच जास्त येतं. पूजा झाल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं तिथेच बसा. माळ नको, पोथी नको, मागणंही नको. पहिले काही दिवस दुधाची पातेली आणि लाइटचं बिल आठवेल. आठवू द्या. विरजण लावल्यावर आपण भांडं हलवून बघत नाही, तसं आपल्या मनालाही घडोघडी हलवून बघू नका.

यजमानांना नोकरी कधी लागेल, ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं बसल्याने ती लवकर लागेल असंही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते दहावं व्रतच व्हायचं. पण तुमच्या पत्राच्या चार पानांत यजमानांविषयी एकच वाक्य आहे, "ते दिवसभर पुढच्या खोलीत बसून असतात." तेही वाटच पाहताहेत, बाई, आणि एकटे पाहताहेत. सत्यनारायणाच्या सव्वा किलो रव्याचा खर्च या पौर्णिमेला राहू द्या. संध्याकाळी चहा करा, दोन कप घेऊन पुढच्या खोलीत जा आणि त्यांच्याजवळ बसा. नोकरीचा विषय त्यांनी काढला तर ऐका, नाही काढला तर चहा प्या.

गोळ्यांचं मात्र डॉक्टरीणबाईंना विचारूनच, हे विसरू नका. आणि काय झालं ते मला कळवा.