यादीतला नंबर सोडा, वर्गात बसून बघा

मुलांना बारावीनंतर अमेरिकेला पाठवायचं ठरलं की पुण्या-सांगलीहून मला फोन येतात. मी मिनेसोटात राहतो, माझी मुलगी इथल्याच एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकली, म्हणून लोक विचारतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: "दादा, हे कॉलेज कितव्या नंबरवर आहे?" माझंही उत्तर ठरलेलं असतं. नंबर बाजूला ठेवा, तिथे शिकवतात कसं ते विचारा.

ही कॉलेजं साधारण दीड-दोन हजार मुलांची. पीएचडीचे विद्यार्थी जवळपास नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षापासून प्राध्यापकच शिकवतात आणि वह्याही तेच तपासतात. "पण आर्ट्स करून पुढे काय?" ही काळजी हटकून निघते. पण लिबरल आर्ट्समध्ये विज्ञानही येतं: इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा 1949 चा पदवीधर. भौतिकशास्त्र तो तिथेच शिकला.

खरी गोम अशी की आकार सोडला तर या कॉलेजांत फारसं साम्य नाही. कोलोरॅडो कॉलेजात 1970 पासून एका वेळी एकच विषय शिकवतात. साडेतीन आठवड्यांत तो संपवायचा, मग दुसरा. पोर्टलंडच्या रीडमध्ये प्रबंध लिहिल्याशिवाय पदवी मिळत नाही. सेंट जॉन्समध्ये विशेष विषय हा प्रकारच नाही, सगळे मिळून तेच ग्रंथ वाचतात. विल्यम्सच्या ट्युटोरियलमध्ये समोर एक प्राध्यापक आणि विद्यार्थी फक्त दोन: एकाने आपला निबंध मांडायचा, दुसऱ्याने त्यातल्या उणिवा काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. तिथे मागच्या बाकावर लपायची सोय नाही. एखादं बुजरं मूल त्यात फुलेल, एखादं कोमेजेल. हे त्याच्या आईवडिलांना कळेल, कॉलेजांना नंबर देणारी यादी छापणाऱ्यांना कसं कळणार? रीडने तर 1995 पासून त्या यादीसाठी माहिती देणंच थांबवलं, आणि मला ते पटतं.

मुलीसाठी कॉलेज बघत होतो तेव्हा एका ठिकाणी आम्हाला वर्गात बसू दिलं. टेबलाभोवती बारा-चौदा जण. एका मुलाने नेमलेल्या उताऱ्यावर मत ठोकून दिलं. बाई त्याला चूक म्हणाल्या नाहीत. "कोणत्या ओळीवरून म्हणतोस?" एवढंच विचारलं आणि तो पानं उलटत बसला तरी थांबून राहिल्या. कुणी मध्ये बोललं नाही. ओळ सापडली, त्याने ती मोठ्याने वाचली, आणि आपलं मत त्याचं त्यानेच दुरुस्त केलं. वर्ग सुटल्यावर चौथ्या वर्षाच्या एका मुलीला मी विचारलं, "अलीकडे मोठं असं काय लिहिलंस, आणि ते कोणी वाचलं?" तिने सॅकमधून कागद काढले. समासभर पेन्सिलीच्या खुणा, आणि तो तिसरा खर्डा होता. वरच्या नंबराच्या दुसऱ्या एका कॉलेजात आम्हाला नवी व्यायामशाळा दाखवली. वर्ग बाहेरूनच दाखवले.

आमच्या घरापासून तासाभरावर नॉर्थफील्ड आहे. तिथल्या सीरियलच्या कारखान्याचा भाजल्या धान्यासारखा वास गावभर पसरलेला असतो. याच गावातल्या कार्लटन कॉलेजात आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी इतिहास शिकवला. गेल ऑम्व्हेट पदवीपर्यंत शिकल्या त्याही तिथेच, नंतर त्या आमच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या झाल्या. झेलियटबाईंच्या तोलाच्या विदुषीकडून अठरा वर्षांच्या मुलांना थेट शिकायला मिळावं, हेच मला या कॉलेजांचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

आता पैशाचं. नामवंत कॉलेजांचा राहण्या-खाण्यासह खर्च वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर गेलाय. अ‍ॅम्हर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांचीही ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात. बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. कर्ज काढून नाव विकत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. आणि कॉलेजची स्वतःची आर्थिक तब्येतही तपासा. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज 1868 चं. 2024 च्या एप्रिलअखेर त्यांनी जाहीर केलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. मुलांना दुसरीकडे जागा शोधाव्या लागल्या. ठेव किती आहे, गेल्या काही वर्षांत पटसंख्या घसरली का, कोणते विभाग बंद केले, हे विचारायला संकोच कशाला?

इतक्या लांब येऊन वर्गात बसणं सगळ्यांना परवडत नाही, हे मला समजतं. प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि आपल्या मुलाच्या विषयातल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलायचंय म्हणून सांगा. बहुतेक कॉलेजं गाठ घालून देतात. व्हिडिओ कॉल लागला की मुलाला बोलू द्या, तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. आणि कोणी वाचलं, हा प्रश्न त्याला आधीच लिहून द्या.